अंगठ्याचा विहार आणि गीतेतलं माप



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय सहावा, श्लोक १६ आणि १७.

आजचं चिंतन रोजच्यापेक्षा लांबलं आहे. गेले कित्येक महिने हे लिहायचं टाळत होतो, कारण यात माझीच चूक सांगावी लागते. पण रोज सकाळी तुम्हाला गीता सांगायची आणि आपल्या घरातलं झाकून ठेवायचं, हे बरं दिसत नाही. म्हणून आज लिहितो.

श्लोक काय सांगतात

सहाव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला ध्यान शिकवतात. आसन कसं असावं, मान कशी धरावी, नजर कुठे ठेवावी, हे सगळं आधी सांगून होतं. आता काहीतरी फार मोठं, गूढ येणार असं वाटतं, आणि देव एकदम जेवणाखाण्यावर येतात. सोळाव्या श्लोकाचा भाव असा : जो फार खातो त्याला योग साधत नाही, जो अगदीच उपाशी राहतो त्यालाही नाही. जो फार झोपतो त्याला नाही, आणि जो सतत जागत राहतो त्यालाही नाही. सतराव्यात उलट बाजू सांगितली आहे. ज्याचं खाणं, विहार, कामातली धडपड, झोप आणि जागरण ‘युक्त’ असतं, म्हणजे बेताचं, जागच्या जागी असतं, त्याचा योग दुःख दूर करणारा होतो.

ज्ञानेश्वर महाराज या ठिकाणी मापाची भाषा वापरतात. खाणं मापाचं, चालणं मापाचं, बोलणं मापाचं, झोप नि जागही मापाची. महाराज ‘सोडून द्या’ म्हणत नाहीत, ‘मोजून घ्या’ म्हणतात. हा फरक नीट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

या यादीत एक शब्द आहे, विहार. हिंडणं, फिरणं, मन रमवणं. पूर्वी विहार म्हणजे कऱ्हेच्या काठानं मारलेली चक्कर, पारावरच्या गप्पा, जत्रा. आज आपला बराचसा विहार अंगठ्यानं होतो. पाय घरात, बूड खुर्चीत, आणि अंगठा जगभर फिरून येतो. मग प्रश्न असा, की या अंगठ्याच्या विहाराला माप कोणतं?

माझ्या घरी काय झालं

जानेवारी २०२५. संक्रांत होऊन दोन-तीन दिवस झाले होते. आमच्या सौ. शेजारच्या गल्लीत हळदीकुंकवाला गेल्या होत्या. आई आतल्या खोलीत झोपली होती. वय अठ्ठ्याहत्तर. एकोणीस वाऱ्या पायी केलेली बाई, पण अलीकडे गुडघ्यांनी साथ सोडली होती.

मी बाहेरच्या खोलीत मोबाईल घेऊन बसलो होतो. सकाळी टाकलेल्या चिंतनावर कोणी काय लिहिलं ते बघायचं होतं. दोन मिनिटांचं काम. ते बघून झालं. मग भिगवणच्या रोहित पक्ष्यांचा एक व्हिडिओ समोर आला. उजनीच्या पाण्यावरून थवा उठतो तो. त्याखाली दुसरा. मग एक कीर्तन, मग कुणाच्या तरी लग्नातली गंमत, मग पुन्हा कीर्तन. कानात इअरफोन होते.

सौ. परत आल्या आणि थेट आत गेल्या. त्यांची हाक इअरफोनमधूनही ऐकू आली. आई न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी फरशीवर पडली होती. नंतर हिशेब केला तर पंचवीसेक मिनिटं ती तिथं होती. मी भिंतीच्या अलीकडे, दहा-बारा पावलांवर.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हाड पडल्याक्षणीच मोडलं, तुम्ही लगेच आला असतात तरी तेच झालं असतं. वैद्यकाच्या हिशेबानं ते खरं असेल. पण तिसऱ्या दिवशी आई जरा बोलायला लागली, तेव्हा मी विचारलं, “आई, हाक मारली नाहीस का?”

ती म्हणाली, “मारली की रं आप्पा. चार-पाच येळा मारली. मग म्हनलं, कामात आसशील.”

माऊली, तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. ‘कामात असशील’ हे शब्द अजून रात्री आठवतात. मी कामात नव्हतो. आणि गंमत बघा, मी वाईटही काही बघत नव्हतो. पक्षी बघत होतो, कीर्तन ऐकत होतो. सोळावा श्लोक म्हणूनच कठीण आहे. तो विष खाऊ नका असं सांगत नाही, अन्नसुद्धा फार खाऊ नका असं सांगतो.

दोन मिनिटांची पंचवीस कशी होतात

दुसऱ्या अध्यायात ६२ आणि ६३ या श्लोकांत देवांनी एक उतरण दाखवली आहे. एखाद्या गोष्टीकडे मन पुन्हा पुन्हा गेलं की तिची ओढ लागते. ओढीतून हाव, हाव अडली की राग, रागातून भुरळ, भुरळ पडली की आपण कोण, काय करत होतो याचा विसर, आणि मग बुद्धीच जागेवर राहत नाही. माणूस एकदम खाली पडत नाही, पायरी पायरीनं उतरतो.

आजच्या यंत्रांनी ही उतरण तेल लावून गुळगुळीत केली आहे. पंगतीत बसल्यावर ताटाला तळ असतो. भात संपला की तळ दिसतो, हात क्षणभर थांबतो, आणि मन विचारतं, ‘पुरे का?’ पूर्वी संगणकावरच्या पानालाही असा तळ असायचा. खाली गेल्यावर ‘पुढचं पान’ असं बटण यायचं. २००६ साली अझा रास्किन नावाच्या एका तंत्रज्ञानं अशी रचना केली की पान संपतच नाही, बोट फिरवत राहा, खालून नवीन येतच राहतं. सोय म्हणून केलं होतं. पुढे त्याच माणसानं त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. ताटाचा तळच काढून टाकला, तर ‘पुरे’ म्हणायची वेळ येणार कधी?

दुसरी युक्ती त्याहून जुनी आहे. बी. एफ. स्किनर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं पक्ष्यांवर आणि उंदरांवर प्रयोग केले होते. कळ दाबली की प्रत्येक वेळी दाणा मिळाला, तर प्राणी पोटापुरतं दाबतो. पण दाणा कधी मिळतो, कधी नाही, असं केलं, की तो दाबतच राहतो. मोबाईलवर दहा व्हिडिओ टाकाऊ निघतात आणि अकरावा मनाला लागतो. त्या अकराव्यासाठी अंगठा चालू राहतो. मटक्याच्या आकड्यावर जीव अडकतो तसाच.

जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या नव्या यादीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, गेम खेळण्याच्या विकाराला जागा दिली आहे. सगळ्या मोबाईल वापराला नाही, फक्त गेमच्या विकाराला. त्याची लक्षणं तीन : खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्या गोष्टींपुढे खेळ मोठा होणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच ठेवणं. सर्वसाधारणपणे वर्षभर हे चाललं तर तो आजार मानतात. ही लक्षणं आणि गीतेतली ती उतरण शेजारी शेजारी ठेवून वाचा. भाषा वेगळी आहे, रस्ता तोच आहे.

लक्ष किती असतं?

आता आभासी जगाकडे येतो. ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ म्हणजे डोळ्यांवर बांधायचा तो जाड चष्मा. त्यात दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दाखवतात, त्यामुळे खोली भासते. मान वळवली की आतलं यंत्र ते ओळखतं आणि चित्रही वळवतं. मेंदूला वाटतं, आपण तिथंच आहोत.

अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातले हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९० च्या दशकात या चष्म्याचा एक फार चांगला उपयोग केला. भाजलेल्या माणसाची जखम रोज धुवावी लागते. त्या वेळच्या वेदना औषधानंही पुरत्या थांबत नाहीत. त्यांनी अशा रुग्णांसाठी बर्फाचं एक जग तयार केलं, नाव ‘स्नोवर्ल्ड’. जखम धुताना रुग्ण चष्म्यातून बर्फाच्या दरीतून जातो, बर्फाचे गोळे फेकतो. अशा रुग्णांना वेदना पुष्कळ कमी जाणवतात, असं दिसून आलं.

याचं कारण समजून घ्या. जखम तीच असते. वेदना जाणवायलाही लक्ष लागतं, आणि माणसाकडे लक्ष मोजकंच असतं. ते सगळं बर्फात गेलं, तर जखमेसाठी उरत नाही.

हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ गप्प बसलो. ज्या कारणानं भाजलेल्या माणसाला त्याची जखम जाणवत नाही, त्याच कारणानं मला आईची हाक ऐकू आली नाही. एक औषध झालं, दुसरं पाप. यंत्राचा गुण एकच : ते लक्ष दुसरीकडे नेतं. कुणाचं लक्ष, कशावरून, किती वेळ, यावर सगळं ठरतं. म्हणजे पुन्हा माप.

आईनं चष्मा घातला

आमचा थोरला पुण्यात आयटीत आहे. आज्जीवर फार जीव. २०२४ च्या वारीत तो तुकोबारायांच्या पालखीसोबत बेलवाडीच्या रिंगणाला गेला होता आणि सगळीकडचं एकदम टिपणारा कॅमेरा घेऊन त्यानं ते चित्रण केलं होतं. आज्जी अंथरुणाला खिळली म्हटल्यावर फाल्गुनात तो मित्राचा आभासी चष्मा घेऊन आला.

“आज्जी, तुला बेलवाडीला नेतो. डोळे मीट, आणि मी सांगितलं की उघड.”

आईनं डोळे उघडले. पहिल्यांदा तिच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला. मग मान वळायला लागली, डावीकडे, उजवीकडे, वर. झेंडेकरी धावले तशी ती ‘राम कृष्ण हरी’ म्हणायला लागली. तुळशी घेतलेल्या बायका धावल्या तेव्हा पांघरुणाखाली तिची पावलं हलत होती. ऑपरेशननंतर व्यायामाच्या वेळी दहा वेळा सांगूनही न हलणारी पावलं. अश्व दौडत आला तेव्हा तिनं खाली वाकून हात पुढे केला. अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावायची होती तिला. हात हवेत फिरला आणि पलंगाच्या कडेला लागला.

थोड्या वेळानं तिला गरगरायला लागलं. मळमळलं. चष्मा काढला. हे पुष्कळांना होतं. डोळे सांगतात ‘आपण हललो’, पण कानाच्या आत जो तोल सांभाळणारा भाग असतो तो सांगतो ‘आपण जागेवरच आहोत’. दोघांच्या साक्षी जुळल्या नाहीत की मेंदू गोंधळतो. एसटीत पुस्तक वाचताना मळमळतं ना, तसंच, फक्त उलट बाजूनं.

पाणी प्यायल्यावर आई नातवाच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, “लई ग्वाड दाखवलंस रं बाबा. पर मला येक सांग. त्यातली मानसं मला बघत हुती का?”

तो हसला. “नाही गं आज्जी. ते गेल्या वर्षीचं आहे. त्यांना कसं दिसणार?”

“मग ह्ये दर्शन येकाच अंगाचं झालं,” ती म्हणाली.

मी तीस वर्षं वर्गात शिकवलं, निवृत्त झाल्यापासून रोज गीता लिहितो. पण दर्शन या शब्दाचा इतका सरळ अर्थ मला कधी सुचला नव्हता. आपण देवळात जातो ते देवाला बघायला, आणि देवानं आपल्याला बघावं म्हणूनही. वारीत एकमेकांच्या पाया पडतात, समोरच्याला ‘माऊली’ म्हणतात, तिथं दोन्ही अंगांनी बघणं होतं. पडद्यावर मी हजार माणसांना बघतो आणि त्यातलं एकही मला बघत नाही. तासभर पडदा बघून उठल्यावर जे रितेपण येतं, ते यामुळे तर नसेल?

पण चष्म्याला नावं ठेवू नयेत. त्या दिवसापासून आईनं पावलं हलवायला सुरुवात केली. फिजिओथेरपीवाली ताई सांगायची, ‘आज्जी, रिंगणात धावताय असं समजा’, आणि आई पाय उचलायची. चष्म्यानं तिला बेलवाडीला नेलं नाही, पण बेलवाडीला जायची इच्छा जागी केली. एवढं काम त्यानं चोख केलं.

निमगाव केतकीच्या रस्त्यावर

आमची थोडी शेती इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकीजवळ. धाकटा भाऊ बघतो. तुकोबारायांची पालखी बारामतीहून निघते, काटेवाडीला धोतराच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण होतं, सणसरचा मुक्काम, बेलवाडीचं गोल रिंगण, मग निमगाव केतकी, इंदापूर, सराटी, आणि नीरा ओलांडून अकलूजकडे. हा रस्ता आईला हाताच्या रेषांसारखा पाठ आहे.

जून २०२५ मध्ये पालखी यायच्या आदल्या दिवशी आम्ही आईला भावाकडे नेलं. बेलवाडीच्या गर्दीत नेणं शक्य नव्हतं, पण निमगावच्या रस्त्याकडेला तिला चाकाच्या खुर्चीत बसवलं. उकाडा होता, धूळ होती, एका ट्रकचा हॉर्न थांबता थांबत नव्हता. चष्म्यातल्यासारखं स्वच्छ काही दिसत नव्हतं. पुढे उभ्या माणसांच्या पाठीच जास्त दिसत होत्या. पालखी आली तेव्हा तर मला वाटलं, हिला काहीच दिसलं नाही, उगाच आणलं.

तेवढ्यात एका दिंडीतली बाई रांगेतून बाहेर आली. आईच्याच वयाची, डोक्यावर तुळस. ओळख ना देख. ती खुर्चीपुढे वाकली, आईच्या पायाला हात लावला, म्हणाली, “माऊली, पाय मोडला व्हय? आसू द्या. मी चालते तुमच्या वाटचं.” आणि परत रांगेत गेली. दहा सेकंदही झाली नसतील.

आई त्या रात्री फार दमली होती, पाय सुजला होता. दुसऱ्या दिवशी सौ. मला बोलल्याही, की एवढी दगदग नको होती. त्यांचं चुकलं असं म्हणणार नाही. पण आईला विचारलं तर ती एवढंच म्हणाली, “तिनं बघितलं मला.”

मग मोबाईल फेकून द्यायचा का?

नाही. सोळावा श्लोक उपाशी राहणाऱ्यालाही योग नाही असं सांगतो, हे विसरू नका.

२०२० साल आठवा. पायी वारी होऊ शकली नाही. ३० जूनला संतांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या आणि १ जुलैला आषाढी झाली. ज्या बाईनं एकोणीस वाऱ्या केल्या, तिनं ती एसटी मोबाईलवर बघितली आणि पदरानं डोळे पुसले. त्या महिन्यात तिच्या दिंडीतल्या पाच-सहा म्हाताऱ्या रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर हरिपाठ म्हणायच्या. आवाज मागेपुढे व्हायचा, टाळ जुळायचे नाहीत, पण त्या एकमेकींना बघत होत्या. तो मोबाईल मला आजही पूज्य वाटतो.

आमचा भाऊही दिवसातून चारदा मोबाईल बघतो, पण त्यात ऊस बघतो. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साथीनं उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणली, ते तुम्ही ऐकलं असेल. उपग्रहाची चित्रं, शेतातलं हवामान केंद्र, मातीतला ओलावा मोजणारी यंत्रं, आणि त्यावरून कधी किती पाणी द्यायचं त्याचा सल्ला मोबाईलवर. हे बघून भाऊ म्हणतो, “दादा, मला पानी मोजून द्याया शिकीवलं ह्यानं.” बघा, उसाला पाणी फार झालं तर मुळं गुदमरतात आणि जमीन खारवते, कमी झालं तर कांड्या आखडतात. जे उसाला लागू, ते मनाला का नाही?

आणि माप एकट्यानं ठरवलं तर टिकत नाही, हेही खरं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं ऑगस्ट २०२२ मध्ये ठरवलं, की रोज संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजेल, आणि ८.३० पर्यंत घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद. त्या वेळात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. कोविडच्या काळात मुलांच्या हातात अभ्यासासाठी गेलेला मोबाईल परत निघेना, म्हणून हा उपाय. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावानं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. मला यातला पहिला मार्ग गीतेच्या जास्त जवळचा वाटतो. तिथं दीड तास सगळेच खाली ठेवतात, बापही आणि लेकरूही. लेकराला ‘ठेव’ म्हणायचं आणि आपण बघत बसायचं, हे लेकराला कळतं.

लहान लेकरांच्या बाबतीत तर माप अगदी स्पष्ट आहे. दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते आहे. घास भरवताना मोबाईल समोर धरणाऱ्या आज्या-आजोबांनी, म्हणजे आपणच, हे लक्षात ठेवावं.

आमच्या घरचं माप

आता आमच्या घरात तीन गोष्टी ठरल्या आहेत. एक, आई एकटी घरात असताना कानात काही घालायचं नाही. दोन, संध्याकाळी दिवा लागल्यापासून जेवण होईपर्यंत सगळ्यांचे मोबाईल देवघराशेजारच्या फडताळात. रिंग चालू असते, तातडीचं असेल तर वाजेल. तीन, रात्री उशाशी मोबाईल नाही. पडद्याचा उजेड मेंदूला अजून दिवस आहे असं सांगत राहतो, झोप लांबते, आणि सतराव्या श्लोकातली झोप-जाग दोन्ही बिघडतात.

हे सगळं रोज जमतं असं सांगितलं तर खोटं होईल. गेल्या आठवड्यातच एका वाचकांनी चिंतनाचं कौतुक केलं होतं, ते वाचायला फडताळ दोनदा उघडलं. सौ. नुसत्या बघत राहिल्या. मी बंद केलं. अर्जुनही सहाव्या अध्यायात हेच म्हणतो, की मन वाऱ्यासारखं आहे, धरायचं कसं? देव त्याला रागवत नाहीत. अवघड आहे हे मान्य करतात, आणि दोन उपाय देतात : अभ्यास आणि वैराग्य. त्याच्या थोडं आधी सांगितलेलं असतं, की मन जिथं जिथं पळेल तिथून तिथून त्याला परत आणावं. परत आणणं हाच अभ्यास. दहा वेळा पळालं तर अकराव्यांदा आणायचं.

आजचा अभ्यास

एक. आज झोपण्याआधी मोबाईलनं दाखवलेला दिवसभराचा वेळ बघा. लाज वाटायला नको, नुसता आकडा वहीत लिहा. माप घेतल्याशिवाय बेत ठरत नाही.

दोन. त्यातला किती वेळ दोन अंगांचा होता? म्हणजे ज्यात समोरचं माणूसही तुम्हाला बघत होतं, ऐकत होतं. त्याच्यासमोर खूण करा.

तीन. तुमच्या घरात अशी कोण व्यक्ती आहे, जिनं हाक मारली आणि मग ‘कामात असेल’ म्हणून गप्प बसली? तिच्याजवळ आज अर्धा तास बसा. काही बोलायला हवंच असं नाही.

पांडुरंगा, तू विटेवर उभा राहून युगानुयुगं आमच्याकडे बघतो आहेस, आणि आमची नजर कुठे असते ते तुला ठाऊक आहे. आमचं लक्ष थोडं आहे, ते कुणाला द्यायचं एवढं कळू दे. कुणी हाक मारली तर ऐकू येऊ दे.

आई आता वॉकर घेऊन ओसरीपर्यंत येते. हे लिहितोय तर आतून विचारते आहे, “आप्पा, कामात हाईस का रं?”

नाही आई, आलो.

राम कृष्ण हरी.